गाडीखालचा काळा डाग : इंजिनातली ऑइल गळती कशी शोधावी आणि घरी कुठली थांबवावी

एखाद्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास, सगळ्या गाड्या ऑफिसला गेल्यावर, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरून जमिनीकडे नीट बघा. कुठल्या जागी कोणती गाडी उभी असते ते डागांवरून ओळखता येतं. एका जागी पेव्हर ब्लॉक कोरे असतात, दुसरीकडे रुपयाएवढा ठिपका असतो. आणि एखाद्या जुन्या मारुतीच्या जागी ताटाएवढा काळा डाग, त्यावर कुणीतरी पसरलेला लाकडाचा भुसा, आणि नोटीस बोर्डावर कमिटीची चिठ्ठी. आजचा आपला धडा या डागावर आहे.

हा धडा मी जुन्या, छोट्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलेली मारुती ८०० ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, झाकण उघडलं की सगळं इंजिन समोर दिसतं. शिकायला याहून चांगलं इंजिन नाही. अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आपल्या पिंपरीत बनलेली इंडिका, यांनाही तत्त्व तेच लागू. पुण्यात अशा गाड्या अजून भरपूर आहेत. कुणाच्या वडिलांची आठवण म्हणून, कुणाच्या मुलीला शिकायला म्हणून.

या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. खाली ऑइल दिसतं. कुणीतरी वाकून बघतं आणि म्हणतं, "क्रँकचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मग दोन-तीन दिवस गाडी बंद आणि हजारोंचं बिल. महिन्याभरात डाग परत हजर! कारण ऑइल येत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, आणि ते पॅकिंग काही शे रुपयांत मिळतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. डाग जिथे दिसतो तिथे गळती नसते, आणि जे सील गळतं तेच दोषी असेल असंही नाही. ही दोन वाक्यं नीट समजली तर पाना हातात घेण्याआधीच अर्धं काम होतं.

कुकरची रिंग आणि कुकरची शिट्टी

आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवा. झाकणाला रबरी रिंग असते. नवी असते तेव्हा मऊ, बोटाने दाबली की दबते. दोन-तीन वर्षं तापून तापून ती कडक होते, तिचा आकार आक्रसतो, आणि कडेने वाफ फुसफुसायला लागते. इंजिनातली बरीचशी गळती म्हणजे हीच गोष्ट. धातूचे दोन भाग एकमेकांवर बसवले तर डोळ्यांना ते सपाट दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. त्या फटी भरायला मध्ये काहीतरी मऊ लागतं. त्याला पुस्तकात गॅस्केट म्हणतात, गॅरेजमध्ये पॅकिंग. गोल वळ्यासारखं असेल तर ओ-रिंग.

ही झाली न हलणाऱ्या जोडांची गोष्ट. पण क्रँकशाफ्ट तर फिरतो, मिनिटाला आठशेपासून पाच-सहा हजार वेळा. त्याचं एक टोक इंजिनाच्या बाहेर येऊन पुली फिरवतं, दुसरं क्लचकडे जातं. फिरत्या दांड्याभोवती पॅकिंग आवळून बसवलं तर ते जळून जाईल. इथे वापरतात ते ऑइल सील. बाहेरून धातूचं कडं, आत रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी बारीक स्प्रिंगची माळ. जुनं सील मिळालं तर कापून बघा, फार सुंदर वस्तू आहे. ओठाची ऑइलकडची बाजू उभट असते आणि हवेकडची बाजू जास्त पसरट. या फरकामुळे दांडा फिरताना ओठाखाली ऑइलचा अतिशय पातळ थर राहतो आणि ओठ ते ऑइल सतत आत ढकलत राहतो. म्हणजे ऑइल सील म्हणजे नुसतं बूच नव्हे, तो एक इवलासा पंप आहे. आणि म्हणूनच ते उलटं बसवलं तर नवं कोरं असूनही गळतं. स्प्रिंग दिसणारी बाजू नेहमी ऑइलकडे, म्हणजे इंजिनाच्या आत.

रबर कडक का होतं? मुख्य कारण उष्णता. साध्या नायट्राइल रबराला १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत ठेवलं की ते हळूहळू म्हातारं होतं. व्हिटॉनसारखं फ्लोरो-रबर २०० अंशांपर्यंत तग धरतं, पण महाग पडतं. थंडीनेही रबर कडक होतं, मात्र ते तात्पुरतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं. त्याच्या बूस्टर रॉकेटच्या जोडातल्या ओ-रिंग त्या दिवशीच्या थंडीत पुरेशा लवचीक राहिल्या नव्हत्या. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते दाखवून दिलं. नववी-दहावीच्या मुलांना लवचीकता शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा, मुलं विसरत नाहीत.

आता कुकरची शिट्टी. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये येतो. नव्या इंजिनातही येतो, जुन्यात जास्त. हा वायू बाहेर काढायला टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी एअर फिल्टरकडे किंवा इनटेककडे जाते. तिला ब्रीदर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत तिच्या वाटेत पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ही झाली इंजिनाची शिट्टी. ती चिकट काळ्या थराने तुंबली की आत दाब साठतो आणि ऑइल जिथे सर्वांत कमजोर जागा सापडेल तिथून बाहेर येतं. ऑइल सील हे दाब अडवायला बनवलेलंच नसतं, ते फक्त उडणारं आणि ओघळणारं ऑइल अडवतं. शिट्टी तुंबलेली ठेवून नवी रिंग बसवली तर काय होईल? घरातली कोणतीही आजी सांगेल. आणि तरीही, माझ्या पाहण्यात, गळतीसाठी गाडी गॅरेजला गेली की ब्रीदर काढून साफ करणारे थोडेच.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम होऊन आयडलिंगवर चालू असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश काढा. त्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी किंवा वहीचा कागद अलगद ठेवा (हात आणि बाही पट्ट्यापासून लांब, ओढणी असेल तर आधी खोचून घ्या). कागद हलकेच आत ओढला गेला किंवा जागीच थरथरला तर ठीक. फुगून उडायला लागला, झाकणातून भसाभसा धूर आला, तर दाब आहे. मग आधी नळी आणि व्हॉल्व्ह काढून साफ करा. पीसीव्ही व्हॉल्व्ह हातात हलवला की खुळखुळला पाहिजे. साफ करूनही दाब तसाच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेव्हा सील बदलत बसण्यात अर्थ नाही, तो आजार वेगळा आहे.

आधी डाग वाचायचा

किराणा दुकानातून एक मोठं खोकं आणा, उघडून सपाट करा आणि रात्री इंजिनाखाली पसरा. पुढच्या चाकांच्या जागा पेनाने त्यावर खुणेसाठी काढून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते दिसेल. आधी तो थेंब कशाचा आहे ते ओळखा. मधासारखा तपकिरी किंवा काळा, बोटांत चोळल्यावर बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. जाड, उग्र गंधकासारख्या वासाचा असेल तर गिअर ऑइल. हिरवा किंवा गुलाबी आणि किंचित गोडसर वासाचा असेल तर कूलंट. ते चाखून बघायचं नाही, विषारी असतं, मांजरा-कुत्र्यांनाही चाटू देऊ नका. लालसर पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. चाकाच्या आतल्या बाजूला फिक्कट, पाण्यासारखं पण तेलकट काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, आणि तसं असेल तर गाडी हलवूच नका. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, निश्चिंत राहा.

थोडं गणित करू. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. दर पाच मिनिटाला एक थेंब पडत असेल तर तासाला १२, रात्रीच्या दहा तासांत १२०, म्हणजे ६ मिलिलिटर. महिन्याला १८० मिलिलिटर. पाच महिन्यांत ९०० मिलिलिटर. छोट्या गाडीत एकूण ऑइल तीन लिटरच्या आसपास आणि डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. म्हणजे 'जरासं तर गळतंय' म्हणत पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबलात, तर मधे न बघता तुम्ही खालच्या खुणेपर्यंत पोचता. हे फक्त उभ्या गाडीचं झालं. चालू गाडीत ऑइल जास्त वेगाने जातं.

हे शिकायचं कशासाठी, तर डॅशबोर्डवरच्या त्या लाल किटलीसाठी. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना तो लागला तर 'वर पोचल्यावर बघू' असं म्हणायचं नाही. बाजूला घ्यायची आणि लगेच इंजिन बंद करायचं. बेअरिंग कोरडी फिरायला लागली की इंजिन खलास व्हायला काही मिनिटं पुरतात, आणि जुन्या गाडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

दुसरी भीती आगीची. टॅपेट कव्हरमधून ओघळणारं ऑइल काही गाड्यांत थेट सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडतं. सिग्नलला उभं असताना बॉनेटमधून जळका वास आणि निळसर धूर येतो तो त्याचाच. अशी गळती मात्र पुढच्या रविवारवर ढकलू नये.

आता उगम शोधायचा. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. तेव्हा नियम असा, की ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. पण इंजिनावर दहा वर्षांचा ऑइल-धुळीचा थर बसला असेल तर काहीच दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर मारून, जुन्या ब्रशने घासून, फडक्याने पुसून घ्या. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि वायरिंगवर प्लॅस्टिक बांधा, पाण्याचा फवारा मारू नका. पेट्रोलने धुणारे लोक आहेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, पंधरा-वीस किलोमीटर चालवून या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटलेली असते, ती धरून वर वर जायचं. मला स्वतःला ही पद्धत कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा आवडते, मुलांना सोबत घेतलं तर त्यांनाही गुप्तहेरगिरीची मजा येते.

घरी काय करता येईल

वरून खाली येऊ. सर्वांत वर टॅपेट कव्हर. त्याच्याखाली, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग. मग ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, चेंबरचं पॅकिंग आणि सर्वांत खाली ड्रेन नट. यातलं चेंबर सोडलं तर बाकी सगळं शांतपणे काम करणाऱ्या माणसाला घरी जमण्यासारखं आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. ड्रेन नटखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर असतो. तो एकदा दबला की त्याचं काम संपलं, दर ऑइल बदलाला नवा टाका. नट गळतोय म्हणून अजून आवळणं हा फार सर्रास दिसणारा प्रकार, आणि त्यातून चेंबरचे आटे जातात. ऑइल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी सुरू करताच ऑइलची चिळकांडी उडते. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा आणि रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, पाना नको. प्रेशर स्विच म्हणजे एक वायर जोडलेला छोटासा नट. त्याच्या वायरच्या टोपीत ऑइल भरलेलं दिसलं तर तो आतून गेलाय, बदला. त्याला टेफलॉन टेपचे वेटोळे गुंडाळू नका. बहुतेक गाड्यांत त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं, टेपमुळे दिवा लागायचा तेव्हा लागणार नाही.

आता मुख्य काम, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. गाडीचं मॉडेल आणि वर्ष एका कागदावर लिहून नाना पेठेत जा. सुट्या भागांची इतकी दुकानं एका ठिकाणी पुण्यात दुसरीकडे नाहीत. शक्य असेल तर जुनं पॅकिंग सोबत न्या, नुसत्या वर्णनावर दुकानदार काय देईल याचा भरवसा नाही. कंपनीचा भाग आणि स्वस्तातला यात कधी कधी दुपटीचा फरक असतो. माझं मत असं, की फडकं स्वस्त घ्या, ब्रश स्वस्त घ्या, रबर स्वस्त घेऊ नका. बोटाने दाबून, वळवून बघा. कडेला भेगा, शिवण किंवा पावडरीसारखा थर दिसला तर परत द्या. सोबत थोडंसं आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला नुसतं 'सिलिकॉन' म्हणतात ती ट्यूब.

इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. प्लगच्या वायरींना पांढरी पट्टी चिकटवून १, २, ३ असे आकडे टाका, त्या अदलाबदल झाल्या तर गाडी फडफडेल आणि तुम्ही नसता दोष शोधत बसाल. काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले तर फारच उत्तम. ब्रीदरची नळी काढा, ती जुनी असेल तर मोडते, जपून. मग कव्हरचे बोल्ट, बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत. कव्हर चिकटून बसलेलं असतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की ती जागा कायमची गळकी. लाकडी ठोकळ्याने कडेकडेने टकटक करा, सुटतं.

कव्हर निघालं की कॅमशाफ्ट उघडा पडतो. त्यावर लगेच धुतलेलं, धागे न सुटणारं फडकं झाका. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडायला जुनं एटीएम कार्ड छान. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि तेलविरहित झाले पाहिजेत. इथे घाई केली तर बाकीची मेहनत फुकट. पत्र्याचं कव्हर असेल तर ते काचेवर पालथं ठेवून बघा. पूर्वी कुणी जास्त आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांजवळ पत्रा खाली दबलेला असतो, तो आतून हलक्या हाताने ठोकून सपाट करावा लागतो. प्लगच्या खोबणीत ऑइल सापडलं असेल तर तिथली गोल सीलही याच वेळी बदला.

नवं पॅकिंग कोरडं बसवायचं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत आणि जिथे अर्धगोल वळण किंवा दोन भागांचा जोड येतो तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढं. 'अजून थोडं लावू, म्हणजे पक्कं' हा विचार मनात येईल, त्याला थारा देऊ नका. बाहेर फुगलेलं सिलिकॉन तुम्हाला दिसतं, आत फुगलेलं दिसत नाही. ते तुटून चेंबरमध्ये जातं, ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं, आणि गळती थांबवायला गेलेल्या माणसाचं इंजिन ऑइलवाचून मरतं.

बोल्ट आवळताना भौतिकशास्त्र लागतं. छोट्या पेट्रोल गाड्यांत हे बोल्ट साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरला आवळतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर, हे आपण आठवणीत ठेवलेलं असतंच. २० सेंटिमीटरच्या रॅचेटच्या टोकाशी धरलं तर १० न्यूटन-मीटरसाठी लागतं ५० न्यूटन बल, म्हणजे साधारण ५ किलो वजन उचलायला लागेल एवढा जोर. फक्त पाच किलो, पिठाची एक पिशवी! आपण सहज दात-ओठ खाऊन जोर लावतो तो याच्या पाच-सहा पट असतो. तेव्हा मध्यापासून बाहेरच्या टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क पाना असेल तर प्रश्नच मिटला. सिलिकॉनच्या ट्यूबवर सुकायचा वेळ लिहिलेला असतो तो पाळा. मी तरी शनिवारी संध्याकाळी काम करून रविवारी दुपारीच गाडी सुरू करा असं सांगेन.

घरी काय करू नये

गाडीखाली शिरावं लागणाऱ्या कामांबद्दल एकच, पण कडक सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी पेलायला दोन स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडे म्हणतात, ते लागतात. हँडब्रेक, आणि जमिनीवरच्या चाकांना लाकडी ओंडक्यांचा अडसर. विटा नकोत, वीट वजनाखाली सावकाश वाकत नाही, एकदम फुटते. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांचं पार्किंग पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उताराचं केलेलं असतं. तिथे हे काम नको. आणि घरात कुणाला तरी सांगून मगच खाली जा.

क्रँक आणि कॅमशाफ्टची पुढची सीलं टायमिंग बेल्टच्या मागे असतात. मारुती ८०० ला बेल्ट आहे, नंतरच्या के-सीरिज इंजिनांना चेन. बेल्टच्या गाडीत शहाणपणाचा मार्ग असा, की ठरलेल्या किलोमीटरला बेल्ट बदलायचा असतो तेव्हाच ही सीलं बदलून घ्यायची. मजुरी जवळपास तीच पडते. बेल्टचे दात चुकले तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, म्हणून पहिल्या वेळी हे एकट्याने करू नका. पण गॅरेजमध्ये उभं राहून दोन गोष्टी जरूर बघा. जुनं सील काढताना दांड्यावर ओरखडा पडला नाही ना? नवं बसवताना ओठाला ऑइल लावून, योग्य मापाच्या सॉकेटने किंवा पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकतायत ना? जुन्या दांड्यावर सीलच्या ओठाने झिजवलेली बारीक चर असते. नखाला लागण्याइतकी ती खोल असेल तर नवा ओठ तिच्यातच बसतो आणि गळती चालू राहते. तेव्हा, घरात जागा असेल तर, सील एखादा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवतात, किंवा दांड्यावर पातळ बाही चढवतात.

क्रँकचं मागचं सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून खाली थेंब पडणं ही त्याची खूण, पण वरून ओघळलेलं ऑइलही तिथूनच टपकतं. म्हणून 'मागचं सील गेलंय' असं कुणी सांगितलं, की आधी टॅपेट कव्हर, डिस्ट्रिब्युटर, ब्रीदर हे तीन तपासा. ते कोरडे असतील तरच मान्य करा. क्लच घसरत असेल तर मात्र संशय खरा असण्याची शक्यता बरीच वाढते. गिअरबॉक्स उतरवलाच, तर क्लच प्लेटची अवस्था त्याच वेळी बघून घ्या.

गळती थांबवणारी औषधं बाटलीतून मिळतात. त्यातली बरीचशी रबराला थोडं फुगवतात. लांबच्या प्रवासाआधी वेळ मारून न्यायला ठीक, पण तुटलेलं पॅकिंग त्याने सांधत नाही. जाड ऑइल घालण्याचा जुना उपायही तसाच. सांगितलेल्या ग्रेडऐवजी २०डब्ल्यू-५० घातलं की थेंब कमी पडतात खरे, पण सकाळी सुरू करताना ते वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. आणि चेंबरला बाहेरून एम-सील लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग मारणं.

काम झाल्यावर

गाडी सुरू करून पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवा, टॉर्चने सगळ्या कडा बघा. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक तपासा. एखादी छोटी फेरी मारून या आणि पुन्हा बघा. साधारण शंभर किलोमीटरनंतर बोल्ट सैल झाले नाहीत ना ते हलक्या हाताने तपासा, नव्याने आवळू नका. पॅकिंग बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. खोक्याचा पुठ्ठा आणखी आठवडाभर खाली राहू दे. पहिल्या दिवशी एखाद-दुसरा थेंब पडेल, तो आधीच साठलेला असतो.

राहिलं ते काळं ऑइल. सर्व्हिसिंगला काढलेलं असो की गळतीचं साठवलेलं, ते पार्किंगच्या जाळीत ओतू नका. आपल्या रस्त्यांवरची पावसाळी गटारं नाल्यांना आणि नाले मुळा-मुठेला मिळतात, मध्ये कुठलीही गाळणी नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हे घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. घरच्या माणसाने करायचं एवढंच, की ते ऑइलच्याच रिकाम्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवायचं, त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळू द्यायचं नाही, आणि जिथे जुनं ऑइल पिंपात साठवून पुढे देतात अशा गॅरेजला विचारून नेऊन द्यायचं. माखलेली फडकी ढिगाने कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा आणि वेगळी पिशवी करून द्या.

आणि पेव्हर ब्लॉकवरचा जुना डाग? त्यावर मांजरासाठी मिळणारी माती किंवा सिमेंटची भुकटी रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झाडून घ्या, मग कपडे धुण्याची पावडर आणि गरम पाणी टाकून काथ्याच्या ब्रशने घासा. दोन-तीन वेळा करावं लागतं. पूर्ण जाणार नाही, पण नव्या थेंबाला लपायला जागा उरणार नाही इतका फिका नक्की होतो.